उदगीरचा समुद्र

आमच्या घरात त्या दुष्काळाच्या दिवसांत दोन पाणी होती, एक गोडं आणि एक खारं. गोडं पाणी टँकरचं. ते देवघराच्या भिंतीला लागून पितळी घागरींत, वर फडकी बांधून ठेवलेलं असे. खारं पाणी परसातल्या आडाचं, ते रांजणात, बादलीत, कुठंही. आड आटत गेला तसं ते जास्तच मचूळ होत चाललं होतं. त्यात तूरडाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, आणि चुकून त्याचा चहा टाकलाच तर दूध नासून भांड्यात चोथा उरे. माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, बिदरकडची. घागरींकडं कुणाचा हात गेला की चुलीपुढून तिचं कानडी 'ब्याड, ब्याड' ऐकू यायचं. नको, नको. आम्हा भावंडांना कानडी येत नव्हतं, पण हा एक शब्द झोपेतही कळायचा. टँकरचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजला की ताटावरची माणसं उठून पळायची. अव्वा पळायची नाही, चालायची. व्यापाऱ्याच्या घरच्या बाईनं पळायचं नसतं असं तिच्यावर बिंबवलेलं होतं. त्यामुळं आमचा नंबर नेहमी मागं लागायचा.

अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, धान्याच्या मोंढ्याजवळ मिठाचं ठोक दुकान. उदगीरच्या स्टेशनावर वॅगन लागली की हमाल पाठीवर पोती टाकून आणायचे आणि आमच्या दुकानाच्या फरशीवर त्यांची थप्पी लागायची. मीठ म्हणजे खडे मीठ, करड्या रंगाचं, मधूनच काळी कच असलेलं. इतर वर्षी आषाढात ही पोती घामेजायची, खाली पाण्याचे ओघळ यायचे, आणि अप्पा त्या ओघळावर बोट फिरवून पावसाचा अंदाज सांगायचे. मिठात मीठ सोडून आणखी एक क्षार असतो, तो हवेतली ओल ओढून घेतो, हे मला फार पुढं कॉलेजात कळलं. त्या दोन वर्षांत मात्र पोती खडखडीत राहिली. हमालानं पोतं टाकलं की खडे एकमेकांवर वाजायचे. लोक म्हणायचे, अप्पांचं बरं आहे, दुष्काळात माल नासत नाही. अप्पांना ते बोलणं लागायचं. ते कपाळावरचं भस्म पुसलं गेलंय का ते बोटानं चाचपायचे.

घरात शब्द चालायचा तो थोरल्या काकूचा. माझे चुलते लवकर गेले आणि घराचा सगळा आचार काकूनं आपल्या अंगावर घेतला. आमचं घर कडक शिवाचारी, लिंगायत. आठव्या वर्षी माझ्या गळ्यात लिंग आलं आणि ते अंगावर असताना काय करायचं नाही याची मोठी शिकवणी झाली. अंडं हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नसे. काकू त्याला 'ते पांढरं' म्हणायची. एकदा शेजारची कोंबडी आमच्या ओट्यावरच्या रिकाम्या पोत्यांत ते पांढरं घालून गेली, तेव्हा काकूनं समोरच्या घरच्या पोराला बोलावून ते उचलायला लावलं आणि सगळा ओटा दोनदा सारवून घेतला. आम्ही पोरं खिडकीतून बघत होतो. मला ते पाहून हसू आलं नव्हतं, उलट भीती वाटली होती. आजही बाजारात अंड्यांचे ट्रे रचलेले दिसले की माझी नजर आधी बाजूला होते आणि मग मी ती मुद्दाम परत आणते.

जिल्हा नवा झाला होता. वहीवर 'जि. उस्मानाबाद' लिहायची सवय लागलेली, ते खोडून 'जि. लातूर' लिहायचं. आम्हाला त्याचं अप्रूप होतं आणि मोठ्यांना त्याहून जास्त. विज्ञानाला आम्हाला मोमीन सर होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात खडूचे तुकडे. सगळ्यांना बेटा म्हणायचे. त्यांनी समुद्राचा धडा काढला तो नेमका टँकर आठवडाभर न आलेल्या दिवसांत. पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्यानं झाकलेला आहे, असं त्यांनी वाचलं आणि वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग सर, आमच्याच वाटंला का न्हाई?" सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर नदी काढली, खडक काढला, आणि समजावून सांगितलं की पाऊस खडकातले, मातीतले क्षार थोडे थोडे धुऊन नेतो, नद्या ते समुद्रात टाकतात, ऊन पाणी तेवढं उचलतं आणि क्षार मागं ठेवतं. असं अनंत काळ चाललंय, म्हणून समुद्र खारट. आपल्या भागातलं पाणीही मांजरेतून गोदावरीत आणि गोदावरीतून समुद्रातच जातं. एका लिटरमागं साधारण पस्तीस ग्रॅम मीठ. असलं पाणी पिऊन तहान भागत नाही, वाढते, कारण ते मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी घालवावं लागतं.

मी घरी जाऊन हे अप्पांना सांगितलं. ते जेवत होते; ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगादाण्याची चटणी. घास हातात तसाच राहिला. जन्मभर मीठ विकलं, पण ते समुद्रात कुठून आलं हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. "म्हंजे आपल्याच मातीतलं जाऊन परत आपल्याच दुकानात येऊन राहिलं की," असं म्हणून ते कितीतरी वेळ स्वतःशी मान हलवत होते. त्या रात्री त्यांनी मला दोनदा हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. काकूला हे कौतुक आवडलं नाही. दहावीनंतर माझं शिक्षण बंद आणि निलंग्याकडचं एक स्थळ बघायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं. मला लातूरला जाऊन सायन्स घ्यायचं होतं, हे घरात फक्त अप्पांना माहीत होतं आणि त्यांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात विज्ञान प्रदर्शनाची सूचना आली. आधी तालुक्याचं, मग लातूरला जिल्ह्याचं; नव्या जिल्ह्याचं पहिलंच. सरांनी मला समुद्राच्या पाण्याचा प्रयोग दिला. पुस्तकात चित्र होतं, दोन ग्लास, एकात साधं पाणी आणि तळाला गेलेलं अंडं, दुसऱ्यात मिठाचं पाणी आणि वर तरंगणारं अंडं. खारं पाणी जड असतं, म्हणजे त्याची घनता जास्त असते, म्हणून ते वस्तू उचलून धरतं. हे मला चांगलं समजलं होतं. पुढं काय करायचं ते सरांना विचारायचं, तर सरांना दुष्काळी कामावरच्या हजेरीला लावलेलं, ते पंधरवडाभर शाळेत नव्हते. मी स्वतःच डोकं चालवलं. अंड्याचं नाव काढायचं नाही हे तर ठरलेलंच होतं, मग त्याच्या आकाराचं काय, तर लिंबू.

आडाच्या पाण्यात मीठ कालवून मी लिंबू टाकलं. तरंगलं. मला एवढा आनंद झाला की मी ते अव्वाला, भावाला, दुकानातल्या हमालांनाही दाखवलं. साध्या पाण्यात ते बुडतं का, हे मी बघितलंच नाही. बघणार कशात? साधं म्हणजे गोडं पाणी, आणि ग्लासभर गोडं पाणी खेळायला मागायचं धाडस त्या वर्षी उदगीरमध्ये कुणाला झालं नसतं. पुस्तकात वस्तू बुडते असं लिहिलंय, तर ती बुडणार, एवढा माझा पुस्तकावर भरवसा होता. पाण्याला मोताद झालेल्या गावातच असली चूक होऊ शकते, असं मी पुढं माझ्या विद्यार्थ्यांना सांगायचे आणि ती मुलं हसायची. तेव्हा मला कुणी हसू नये एवढंच वाटत होतं.

तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या टेबलावर दोन ग्लास ठेवले. गोडं पाणी प्रदर्शन भरलेल्या शाळेच्या शिपायानं मोठ्या मिनतवारीनं दिलं. परीक्षक आले, पोरं गोळा झाली, आणि मी खड्या आवाजात म्हणाले की पाहा, साध्या पाण्यात हे लिंबू तळाला जाईल. लिंबू सोडलं. ते एकदा खाली गेलं, वर आलं आणि डुलत बसलं. मी ते बोटानं दाबून पाहिलं. परत वर. दुसऱ्या ग्लासातही वर. लिंबू दोन्हीकडं तरंगत होतं आणि मी पाठ केलेलं पुढचं वाक्य, 'यावरून असे सिद्ध होते की', तोंडातून निघूनही गेलं होतं. आधी एक पोरगा हसला आणि मग सगळी गर्दी हसली. सालीत हवा असते म्हणून लिंबू बुडत नाही, असं एका परीक्षकांनी मायेनं समजावलं, पण मला ऐकू काही येत नव्हतं, कान नुसते तापले होते. सगळ्यात वाईट गोष्ट अशी की माझी जिल्ह्याला निवड झाली. तालुक्यातून निदान एक तरी मुलगी पाठवा असं वरून सांगितलं होतं आणि मुलींत मी एकटीच होते. शाळेत 'लिंबू' हे नाव मला त्या दिवशी पडलं ते शाळा सुटेपर्यंत टिकलं.

सर कामावरून परत आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी मला एकटीला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं की प्रयोगाला अंडंच घेऊ, त्यांच्या घरी कोंबड्या आहेत. आपण काय बोलतोय हे त्यांना कळत होतं. बोलताना ते माझ्या गळ्याकडं बघायचं टाळत होते. "तू हात लावू नको, बेटा. टाकायचं मी टाकतो, बोलायचं तू बोल. घरी मात्र सांग." मी मान हलवली. घरी सांगितलं ते एवढंच, की लिंबू चालत नाही, सर दुसरी वस्तू आणणार आहेत. अप्पांनी कोणती वस्तू ते विचारलं नाही. त्यांना मिठाची घाई झाली होती. त्यांनी एक पोतं फोडून त्यातले पांढरे खडे निवडले, अव्वाकडून कुटून घेतले आणि दुकानातल्या तराजूवर पस्तीस पस्तीस ग्रॅमच्या पुड्या बांधल्या. मोठी पोती तोलणारा माणूस ती नाजूक वजनं चिमटीत धरून टाकत होता आणि मला विचारत होता, "समिंद्राला एवढंच लागतंय व्हय?"

समुद्राला एवढंच लागत होतं, पण अंड्याला नाही. शाळेत सरांनी अंडं त्या पाण्यात सोडलं तर ते सरळ तळाला गेलं. सर गोंधळले. मी टेबलापासून लांब, हात मागं बांधून उभी होते. सरांनी आणखी एक पुडी टाकायला सांगितली, मग आणखी एक, आणि असं करत करत पाणी गढूळ झालं तेव्हा कुठं अंडं हललं आणि वर आलं. ते पाणी फडक्यातून गाळून बाटलीत भरलं आणि बाटलीवर मी वळणदार अक्षरात 'समुद्राचे पाणी' अशी चिठ्ठी लावली. समुद्र सरांनीही कधी पाहिलेला नव्हता. उदगीरमध्ये तेव्हा तो कुणी पाहिला असेल असं मला वाटत नाही.

लातूरच्या प्रदर्शनाला अप्पा येणार म्हणाले. त्यांना प्रयोग बघायचा होताच, पण दुसरंही काम होतं. लातूरला त्यांचे मामेभाऊ मलप्पा काका राहायचे, मोठ्या घराचे, मठात मान असलेले. मला त्यांच्याकडं ठेवून कॉलेजात घालायचं असं अप्पांनी, काकूला न सांगता, त्यांच्याशी बोलून ठेवलं होतं. ते मला आदल्या दिवशी अप्पांनी दुकानात सांगितलं. "काकांना तुझी हुशारी दिसू दे. येकदा त्यांनी हाव म्हणलं की घरात कुणी न्हाई म्हणायचं न्हाई." ते ऐकून मी मिठाच्या थप्पीआड जाऊन रडले. अंड्याचं सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सर टाकणार, मी नुसती बोलणार, यात सांगण्यासारखं आहे काय, असं मी मनाला समजावलं.

हॉल तापलेला होता, पत्र्याचा. एका बाजूला दोरी बांधलेली आणि दोरीच्या आत फक्त विद्यार्थी. अप्पा आणि मलप्पा काका समोरच्या गर्दीत होते. अप्पांनी नवं धोतर नेसलं होतं आणि डोक्यावर पांढरी टोपी कडक बसवली होती. परीक्षक आले, एक प्राध्यापक, गोरे, चष्मेवाले, मूळचे कोकणातले असं कुणीतरी म्हणालं. मोमीन सर डबीतल्या भुशातून अंडं काढून पुढं झाले, तसे एक कार्यकर्ते त्यांना म्हणाले की गुरुजी, दोरीच्या बाहेर, प्रयोग विद्यार्थ्यानं स्वतः करायचा. सरांनी दोन शब्द बोलून पाहिलं. ते ऐकेनात. सरांनी अंडं टेबलावरच्या कपड्यावर ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि बाहेर गेले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी अजून विसरले नाही. माझ्यापेक्षा तेच जास्त ओशाळले होते.

मला टाळता आलं असतं. 'पोट दुखतंय' म्हणून बसता आलं असतं. पण लिंबाचा तो हशा अजून कानात होता, आणि काकांना हुशारी दिसायची होती. मी पदरासारखी ओढणी घट्ट केली, गळ्यातलं लिंग पोलक्याच्या आत सरकवलं आणि जेवायचा उजवा हात नको म्हणून डावा अंड्याकडं नेला. "उजव्या हातानं नीट धर, फुटेल," परीक्षक म्हणाले. मी उजव्या हातात घेतलं. ते इतकं खरबरीत असेल असं मला वाटलं नव्हतं, आणि इतकं जडही. काहीतरी होईल असं वाटत होतं, अंगावर काटा येईल, चक्कर येईल. काही झालं नाही. साध्या पाण्यात ते खाली गेलं. काढलं, पुसलं, मिठाच्या पाण्यात सोडलं. वर आलं आणि थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घनतेबद्दल न अडखळता सगळं बोलले, आणि हसून समोर बघितलं.

मलप्पा काका माझ्याकडं बघत नव्हते, अप्पांकडं बघत होते. अप्पा खाली बघत होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती, जशी मयताला गेल्यावर धरतात. भोवती आमच्या समाजाची आणखीही दोन-चार माणसं होती आणि त्यांच्यात कुजबुज चाललेली मला दिसत होती. ओल्या हाताचं काय करायचं हे मला कळेना. ओढणीला पुसावा तर ओढणी बाटेल, तसाच धरावा तर सगळ्यांना दिसेल. तो मी अंगापासून लांब धरून उभी राहिले. त्यातच परीक्षकांनी बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं आणि हसले. "बाळ, हे समुद्राचं पाणी नव्हे. एवढा खारट समुद्र आमच्याकडं नाही. समुद्रात ताजं अंडं बुडतं." मग जाता जाता, अगदी सहज, म्हणाले, "आणि अंडंच कशाला? बटाटा घेतला असतास तरी हेच झालं असतं."

बटाटा. आमच्या घरात बटाट्याचं पोतं होतं. अव्वानं त्या सकाळी बटाट्याची भाजी बांधून दिली होती. मला ते सुचलं नाही, सरांना सुचलं नाही. आम्ही दोघंही पुस्तकातल्या चित्राला धरून बसलो होतो. अप्पांनीही ते ऐकलं. त्यांनी एकदाच वर पाहिलं आणि मला वाटलं, आता जमीन दुभंगेल तर बरं. पुढं नोकरी लागल्यावर मी कोकणात गेले तेव्हा बरोबरच्या बायका लाटांत पाय भिजवत होत्या आणि मी दुकानातून एक अंडं विकत आणून गुडघाभर पाण्यात उभी राहून सोडलं. ते बुडालं. त्या बायकांना वाटलं मी काही नवस फेडतेय. मी हसले, पण तोंड आधी दुसरीकडं केलं.

एसटी स्टँडवर मलप्पा काकांनी अप्पांना बाजूला घेतलं. मी ऐकू येईल एवढ्याच अंतरावर होते, त्यांनी मला ऐकू जाऊ नये असा प्रयत्नही केला नाही. "पोरगी हुशार हाय, त्यात वाद न्हाई. पर आमच्या घरी मठाचे जंगम जेवाय येत्यात. चार लोकांनी बघितलंय. उद्या इचारतील, तर मी काय सांगू?" अप्पांनी हात जोडले. त्यांनी माझी बाजू घेतली नाही आणि मला दोषही दिला नाही. गाडीत ते माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसले. नळेगावला गाडी थांबली तेव्हा उतरून ते कुठूनतरी पाण्याचा तांब्या भरून घेऊन आले, मला दिला आणि मी पीत असताना तोंड फिरवून उभे राहिले. तांब्याला मी डावाच हात लावला, उजव्यानं अंडं धरलं होतं.

बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. काकू दारातच होती. तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, बाजूच्या बोळातून परसात नेलं, मोरीच्या दगडावर बसवलं आणि अव्वाला घागर आणायला सांगितलं. अव्वानं आडाच्या पाण्याची बादली आणली. काकू म्हणाली की खाऱ्या पाण्यानं शुद्धी होत नाही, गोडी घागर आण. अव्वानं बादली खाली ठेवली. मग तिनं देवघराजवळची घागर, फडकं सोडून, आणली आणि काकूनं ती माझ्या डोक्यावर ओतली. किती महिन्यांनी माझ्या अंगावर गोडं पाणी पडत होतं. केसांतलं खारं किटण सुटलं, डोळे चुरचुरायचे थांबले. मला ते आवडलं. घरावर एवढी नामुष्की आणली आणि मला पाणी आवडलं, याचीच मला त्या घटकेला सगळ्यात जास्त लाज वाटली.

पाणी मोरीतून बाहेर गल्लीत गेलं. टँकर चार दिवस आला नव्हता आणि समोरच्या घरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन ओट्यावर बसलेल्या होत्या. त्यांना कारण माहीत होतं, सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्यातली एक बाई उठली, घमेलं घेऊन आली आणि आमच्या मोरीच्या तोंडाशी लावून बसली. शेळीसाठी. माझ्या अंगावरून आलेलं, त्या अंड्याचा विटाळ धुऊन आलेलं पाणी तिनं आपल्या घमेल्यात धरलं आणि मान वर न करता घेऊन गेली. अप्पा बोळाच्या तोंडाशी उभे राहून हे बघत होते. काकूनं दुसरी घागर मागितली. अव्वा ती घेऊन दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"बास, वैनी," अप्पा म्हणाले.

अप्पांनी काकूला कधी अडवलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. काकू म्हणाली, हे शास्त्र आहे, अर्धवट राहिलं तर घराला लागेल. अप्पांनी अव्वाच्या हातातली घागर घेतली, उचलून परत देवघराकडं चालू लागले आणि जाता जाता म्हणाले, "शास्तर पाऊस पडल्यावर पुरं करू." आवाज चढलेला नव्हता. पण घागर खाली ठेवताना पाणी फरशीवर सांडलं, ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं टिपलं. नवं धोतर होतं.

पुढचे काही महिने आमच्या घराकडं लोक थोडे लांबून बघत. जंगमांनी येणं कमी केलं. निलंग्याच्या स्थळाकडून काही निरोप आला नाही. अप्पा मठात मागं, खांबाच्या आडोशाला बसायला लागले. टँकरच्या रांगेत मात्र आता अव्वाच्या जागी ते स्वतः उभे राहत, बायांच्या मधे, टोपी काढून. मोमीन सर एकदा दुकानात माफी मागायला आले तेव्हा अप्पांनी त्यांना बसवून घेतलं, पाणी दिलं, आणि मिठात काळी कच का येते हे विचारत बसले. मी दहावीचा अभ्यास केला तो काय होणार हे न कळता, आणि घरात कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला कपड्यांची पिशवी भरून तयार व्हायला सांगितलं. कुठं जायचं ते सांगितलं नाही. लातूरला उतरल्यावर ते मलप्पा काकांच्या घराच्या रस्त्याला वळले नाहीत, विचारत विचारत एका मुलींच्या वसतिगृहापाशी आले. आतल्या बाईंनी नियम वाचून दाखवले. रविवारी ज्या मुलींना चालतं त्यांना अंडी असतात, ताटं एकाच पंगतीत मांडतात, वेगळी चूल नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. अप्पांचं भस्म बघून सांगितलं असेल. अप्पांनी ऐकून घेतलं, सही केली, आणि मला घेऊन बाहेर आले. फाटकाबाहेर कडुलिंबाच्या सावलीत ते माझी पिशवी हातात धरून थांबले. एक रिक्षा गेली, एक सायकल गेली. ते रस्त्याकडंच बघत होते आणि मी त्यांच्या चपलांकडं.

"ऐक," ते म्हणाले. "खाऊ नको. शिकायसाठी लागलं, तर हात लाव."

मी 'हाव' म्हणाले. मान वर करून म्हणायला हवं होतं, ते काही मला जमलं नाही. त्यांनी पिशवी माझ्या उजव्या हातात दिली आणि ते स्टँडकडं चालू लागले.